सव्वादोन फूट

आमच्या ह्यांना कुठलीही वस्तू खाली पडलेली चालत नसे. ती पडली म्हणून नव्हे. ती किती वेगाने आपटली हे काढल्याशिवाय त्यांच्या घशाखाली पुढचा घास उतरत नसे. माझ्या हातून फुलपात्र निसटलं की मी 'अगं बाई' म्हणायची आणि हे पाटावरून म्हणायचे, "ओट्यावरून ना? अडीच फूट. सेकंदाला साडेबारा फूट, किंचित जास्तच." फुलपात्राला पोचा आला त्याचं काही नाही. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मला प्रश्न पडायचा की ह्या माणसाबरोबर संसार करायचा तरी कसा. पुढे सवय झाली, आणि खरं सांगायचं तर ते गणित मलाही येऊ लागलं.

लोक त्यांना लक्ष्मीकांत मास्तर म्हणत. इंदूरच्या एका खाजगी हायस्कुलात ते सायन्स शिकवायचे आणि आम्ही स्नेहलतागंजात दोन खोल्यांत राहायचो. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्यांच्या व्याख्यानांना घरात मी एकटीच सापडायची. ते सांगत, उंचावर धरलेल्या वस्तूत उंचीची एनर्जी साठलेली असते. वस्तू सोडली की उंची घटत जाते आणि जेवढी घटते तेवढी वेगाची एनर्जी वाढते. जमिनीला टेकण्याच्या क्षणी सगळ्या उंचीचा वेग झालेला असतो, मधल्यामध्ये काही हरवत नाही. दोन्ही बाजू समान मांडा. वजन दोन्हीकडे असतं, ते कटतं. मग उरतं ते इतकं सोपं की चौथी शिकलेल्या बाईलाही जमावं. फुटांतल्या उंचीचं वर्गमूळ काढा आणि आठाने गुणा. चार फुटांना सोळा, नऊ फुटांना चोवीस. दगड असो की सोनं, आकडा तोच.

एका बाबतीत मात्र त्यांच्याशी कुणाचं पटत नसे. प्रॅक्टिकलच्या वहीत आकडा जुळवून लिहिलेला सापडला की ते सरळ शून्य देत. एकदा हेडमास्तरांच्या पुतण्याला दिलं, तर तीन वर्षं बढती अडली. मी रडले, भांडले. हे म्हणाले, "सरोजिनी, जे दिसलं ते लिहायचं. आपल्याला काय दिसायला हवं होतं, ते नाही." मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता, आणि अभिमानही वाटला होता.

मध्यभारत होऊन पाचेक वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. बडा गणपतीला दर चतुर्थीला मला द्वारकाबाई भेटायच्या. त्यांचे यजमान, सुभेदार प्रतापराव, होळकरांच्या फौजेत होते. संस्थान गेलं, फौज मोडली, आणि सुभेदार मल्हारगंजातल्या घरी बसून राहिले. मुलगा जयसिंगराव रेल्वेत, रतलामला, महिन्यातून एकदा येई. घरात हे दोघे म्हातारे आणि सून इंदिरा. इंदिराची चार वर्षांची मुलगी बेबी दिवाळीनंतर घटसर्पाने गेली होती.

चैत्रातल्या चतुर्थीला द्वारकाबाईंनी मला देवळाच्या पायरीवर बसवून घेतलं. "मास्तरीणबाई, कुणाला बोलू नका. आमच्याकडे भानामती लागली आहे. चौकात दगड पडतात."

"कधी?"

"इंदिरा गहू निवडायला बसली की. दुपारी, चारच्या सुमारास. तीच बसली की पडतात, मी बसले तर कुछ नहीं." त्या माझ्या कानाशी आल्या. "तीच करते. अमावस्येला भोप्याकडून झाडून घेणार आहोत. डाग देतो तो. मग धारला धाडून देऊ माहेरी. जयसिंगला दुसरी बघून ठेवली आहे."

हे त्यांनी वर्षाचं तिखट कुटायचं ठरवल्यासारखं सांगितलं. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा हे जेवत होते. ताट तसंच सरकवून उठले. भानामती म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. "दगड पडतो ना? मग तो कुठल्यातरी उंचीवरून पडतो. अमावस्या कधी आहे?"

अमावस्येला बारा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मल्हारगंजात गेलो. चौक लहानसाच होता, फरशी घातलेला, वर मोकळं आभाळ. तीन बाजूंना घर आणि मागे बारा फुटांची भिंत, भिंतीपलीकडे गल्ली. सुभेदारांनी मिशीवर हात ठेवून ह्यांचं म्हणणं ऐकून घेतलं.

"मास्तरजी, फालतू बात नको. दगड बाहेरून येतात की घरातून, एवढं पक्कं सांगा."

इथे ह्यांनी चूक केली. वर्गात मुलांना पेच घालायची त्यांना सवय होती, ती आडवी आली. ते म्हणाले, "सोपं आहे. दगड भिंतीवरून आला असेल तर बारा फुटांच्या वरून खाली पडेल. तितक्या वेगाने आपटेल. बारापेक्षा जास्त निघालं तर बाहेरचा कुणी टाकतो. कमी निघालं तर घरातलंच माणूस."

"कमी निघालं तर सूनबाई," सुभेदार म्हणाले. "चौकात दुसरं कोण बसतं? बस, ठरलं. तुमच्या आकड्यावर फैसला. फौजी आदमी आहे, शब्द फिरवणार नाही."

इंदिरा दाराशी उभी होती. चोविशीची, हाडं वर आलेली, डोक्यावरून पदर. तिने सगळं ऐकलं आणि सूप उचललं. आत जाताना मला एवढंच म्हणाली, "काकू, मला इथून धाडणार नाहीत एवढं बघा." डागाबद्दल ती बोलली नाही. मला ते चमत्कारिक वाटलं.

पहिल्या दिवशी आम्ही नुसतेच पाहत बसलो. इंदिरा चौकात मांडी घालून गहू निवडत होती. खडा सापडला की बाजूच्या वाटीत टाकायची. उन्हाचा पट्टा भिंतीवर चढला, गल्लीतली वर्दळ मंदावली आणि मग टक्क असा आवाज झाला. इंदिराच्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर, सुपारीपेक्षा थोडा मोठा गोल गोटा पडला होता. मी तिकडेच बघत होते. येताना तो मला दिसला नाही. हेही तिकडेच बघत होते, त्यांनाही नाही. दोघांनी पाहिला तो थेट फरशीवरच, जरासा डुलून थांबताना.

इंदिराचे दोन्ही हात सुपात होते. तिने मान वळवली नाही.

ह्यांनी गोटा उचलला आणि पटकन माझ्या हातात दिला. "बघ." तो कोमट होता. सावलीतल्या फरशीवरचा दगड तसा नसतो. बराच वेळ मुठीत धरून ठेवलेला असावा तसा होता. मी तो खाली ठेवला आणि हात पदराला पुसला.

दुसऱ्या दिवशी हे कुंभाराकडून मऊ मळलेली माती घेऊन आले. एका खोल घमेल्यात ती भरून थापली आणि घमेलं बरोबर त्या जागी ठेवलं, इंदिराच्या उजव्या हाताला. विचार असा होता की दगडात जेवढी एनर्जी असेल तेवढा तो मातीत रुतेल. मग तोच दगड आपण मोजलेल्या उंचीवरून टाकायचा आणि खळगा ताडून बघायचा. चौकातल्या जिन्यावर पट्टी लावून त्यांनी एक फूट, चार फूट, नऊ फूट आणि गच्चीवरून सोळा फूट, असा तो गोटा सोडला. खळग्यात काडी घालून मी मोजायची आणि वहीत लिहायची. फुटाला एक सूत खळगा, असं जवळजवळ नेमकं बसलं. सोळा फुटांना सोळा सूत, म्हणजे दोन इंच. हे खूश झाले. माती पुन्हा थापून गुळगुळीत केली आणि आम्ही वाट बघत बसलो.

चारला काही मिनिटं कमी असताना गोटा पडला. फरशीवरच्यासारखा आवाज आला नाही, 'थप्' असा ओला आवाज झाला. हे धावले. काडी घातली. मग काडी माझ्याकडे दिली. "तू मोज."

दोन सुतं आणि वर थोडं.

"परत मोज."

मी परत मोजलं. ह्यांनी तोच गोटा जिन्याच्या पट्टीपाशी धरून दोन फुटांवरून सोडला, मग अडीचवरून, मग दोन्हींच्या मधून. सव्वादोन फुटांना खळगा तंतोतंत जुळला. सेकंदाला बारा फूट. एखादा दगड बारा फुटांची भिंत ओलांडून आला असता तर त्याचा वेग अठ्ठावीसच्या आसपास असता. हा गोटा कुठूनही आला नव्हता. इंदिराच्या शेजारी, जमिनीपासून सव्वादोन फुटांवर, मोकळ्या हवेत तो सुटला होता.

सात दिवस आम्ही जात राहिलो आणि सातही दिवस तेवढाच आकडा निघाला. शाळेत मुलांच्या दोन रीडिंगांचा मेळ बसत नाही म्हणून चिडणारे हे, सातही रीडिंगं सारखी आली म्हणून गप्प झाले. एका दुपारी तर त्यांनी इंदिराच्या उजव्या बाजूला, जमिनीपासून सव्वादोन फुटांवर, हवेत हात फिरवून पाहिला. मग घाईने हात मागे घेतला. काय झालं ते मी विचारलं नाही. त्या रात्री झोपेत ते सारखा तो तळवा चादरीला घासत होते.

पाचव्या दिवशी नुसतं बसून राहणं मला अवघड वाटलं म्हणून मीही सूप घेऊन इंदिराशेजारी गहू निवडायला बसले. घमेलं तिच्या पलीकडे होतं. चार वाजले आणि गोटा घमेल्यात पडलाच, पण लगेच दुसरा पडला, माझ्या उजव्या गुडघ्याशी. दगडाची मला भीती वाटली हे खरं. पण त्याहून वाईट म्हणजे मला तिथून उठावंसं वाटेना. कुणीतरी शेजारी उभं आहे आणि मी वर बघायची वाट बघतं आहे असं वाटत राहिलं. मी वर बघितलं नाही.

इंदिरा तेव्हा हळूच बोलली. "तिला वाटतं काकू, जिच्या मांडीवर सूप आहे ती आपलीच."

"कुणाला?" मी विचारलं, पण मला कळलं होतं.

"मागच्या वर्षी गहू निवडताना ती सारखी शेजारी. मी खडे वेचायची ना, तर तीपण चौकातले गोटे वेचून आणायची. दोन्ही हातांनी छातीशी धरून. माझ्या बाजूला आणून टाकायची, 'हापण घे' म्हणायची. हाताला लागेल म्हणून मी ओरडायची तिला." तिने एक खडा वाटीत टाकला. "आता नाही ओरडत."

"तू घरात कुणाला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं तर भोपा तिला बांधेल. बाटलीत घालून पुरतात म्हणे. आणि मला धारला धाडलं तर ती इथे कुणाजवळ येईल?"

मी हे सगळं घरी जाताना टांग्यात ह्यांना सांगितलं. मला वाटलं होतं हसतील, नाहीतर चिडतील. त्यांनी खिशातून फूटपट्टी काढली, टांग्याच्या फळीवर उभी धरली, आणि बोटाने हवेत सव्वादोन फुटांचा अंदाज केला. "चार वर्षांच्या मुलाची छाती," ते म्हणाले. मग म्हणाले, "बसलेल्या बाईचा खांदासुद्धा तेवढ्यावरच येतो. सुभेदार तेच म्हणणार."

ते बरोबर होतं. तिचे हात सुपात होते हे आम्ही दोघांनी शपथेवर सांगितलं असतं, तरी द्वारकाबाई म्हणाल्या असत्या की चेटकिणीला हात कशाला लागतात. आणि फैसल्याची रेघ ह्यांनी स्वतःच आखून दिली होती. बारापेक्षा कमी म्हणजे घरातलं.

अमावस्येच्या आदल्या दिवशी सुभेदारांनी आकडा मागितला. गोटा नुकताच पडला होता. द्वारकाबाईंना इंदिराने काहीतरी विचारून आत नेलं होतं, सुभेदार दारात काठी ठेवून जोडे काढत होते. हे घमेल्यापाशी ओणवे झाले. मला वाटलं मोजताहेत. त्यांनी अंगठा गोट्यावर ठेवला आणि दाबला. सगळा जोर लावून दाबला, मानेच्या शिरा दिसेपर्यंत. गोटा मातीत खोल गेला. मग त्यांनी अंगठ्याची खूण पुसली आणि उठून उभे राहिले.

"या सुभेदारसाहेब. स्वतः मोजा."

सुभेदारांनी काडी घातली. तीन इंचांच्या वर गेली. "म्हणजे किती?"

"पंचवीस फूट. सेकंदाला चाळीस. बाहेरून कुणीतरी उंच भिरकावतो, तो भिंतीवरून येऊन पडतो."

"पक्कं?"

"पक्कं," हे म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "लिही."

मी लिहिलं. पंचवीस. मला वाईट वाटत होतं ते इंदिराचं नव्हे, ह्यांचं. तोवरच्या वीस वर्षांत मी त्यांना कधी दूधवाल्याशीसुद्धा खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी साबण लावून अंगठा धुतला, नखातली माती काडीने काढली, आणि न जेवता निजले.

सुभेदार शब्दाला जागले. भोप्याला नारळ देऊन परत पाठवलं. धारला पत्र गेलं नाही, जयसिंगरावाची दुसरी सोयरीक मोडली. द्वारकाबाई देवळात मला म्हणाल्या, "मास्तरजींनी घर वाचवलं हो, नाहीतर आम्ही त्या पोरीला उगीच दोष देत होतो." सुभेदारांनी तीन दुपारी गल्लीत काठी घेऊन पहारा केला. कुणी सापडलं नाही. मग त्यांनी फौजी रिवाजाप्रमाणे बंदोबस्त केला. पावसाळ्याआधी सबंध चौकावर पत्रे घालून घेतले, भिंतीपर्यंत, कुठे फट न ठेवता. त्यानंतर एकही दगड पडला नाही. मल्हारगंजात ह्यांचं नाव झालं. शाळेत कुणीतरी टाळ्या वाजवल्या तर हे वर्ग सोडून निघून गेले.

श्रावणात एका दुपारी इंदिरा आमच्याकडे आली. शेजारच्या बाईंबरोबर स्टेशनाकडे आले होते, म्हणाली. तब्येत जरा बरी दिसत होती. मी चहा टाकला. हे कोपऱ्यात वह्या तपासत होते, त्यांनी मान खाली घातली.

"सासूबाई नीट वागतात," ती म्हणाली. "रतलामहून हेही आता पंधरा दिवसांनी येतात. सगळं ठीक आहे." मग ती ह्यांच्याकडे वळून म्हणाली, "मास्तरजी, पत्र्यामुळे चौकात अंधार झालाय."

ह्यांनी तपासलेली वही पुन्हा उघडली.

"बेबीला अंधारात यायची भीती वाटायची. दिवा नसला की उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची नाही. बोलावलं तरी तिथेच उभी राहून रडायची." तिने कप खाली ठेवला. "मी मामंजींना म्हटलं, एक पत्रा तरी काढा. ते म्हणाले, तिथूनच तर दगड येत होते."

"सुभेदारांना मी खरं सांगू का?" ह्यांनी विचारलं. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"खरं सांगितलं तर पत्रे काढतील. पण मला धाडतील. मग ती येऊन करणार काय?" ती ते रागाने म्हणाली नाही. आम्ही तिघांनी मिळून हिशेब सोडवायचा असल्यासारखी थांबली. "दुसरं काही करता येईल, मास्तरजी? तुम्हाला माहीत असेल म्हणून आले."

ह्यांनी हातातला टाक ठेवला. तीस वर्षांच्या संसारात त्यांना एवढं सरळ काही बोलताना मी एकदाच ऐकलं. "नाही, पोरी. मला माहीत नाही."

इंदिराने मान हलवली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, तीन वाजून गेले होते. ती लगबगीने उठली, पदर सारखा केला आणि चपला शोधू लागली. मी म्हटलं, थांब की जरा, पाऊस आहे, एवढी घाई कसली.

"डाळ निवडायला बसायचं आहे," ती म्हणाली. "रोजच बसते. कधी धीर करून आली आणि मी नसले तर?"